खिडकीत तीन दिवस

मार्थाताई गेल्याची बातमी शाळेच्या ईमेलमधून आली. मंगळवारची सकाळ होती, मी कॅमेरा बंद करून ऑफिसच्या मीटिंगला बसले होते. डच मजकूर एरवी मी भाषांतराला टाकते, या वेळी गरज पडली नाही. तेवढ्यात मीटिंगमध्ये कोणीतरी माझं मत विचारलं आणि मी ‘फाइन फॉर मी’ म्हणून मोकळी झाले. मग उठले, धुतलेले कपडे वाळत घातले, ओलेच परत काढले, परत घातले. त्याला आता सहा आठवडे झाले, पण मला अजून एका जागी बसवत नाही. माणूस गेल्याचं दुःख आहेच. पण माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत मार्थाताईंना द्यायचा एक कागद होता, आणि तो मी त्यांना दिला नव्हता.

मार्थाताई नगरच्या, मराठी ख्रिस्ती घरातल्या. पुण्यात संस्कृत शिकल्या, मिशनच्या दवाखान्यात आलेल्या एका डच डॉक्टरशी लग्न करून इकडे आल्या, आणि पस्तिशी उलटल्यावर लॅटिन-ग्रीक शिकून इथे आर्नहेममधल्या एका ख्रिस्ती जिम्नॅसियममध्ये शिकवू लागल्या. जिम्नॅसियम म्हणजे व्यायामशाळा नव्हे, हे मला माझ्या सासूबाईंना तीनदा सांगावं लागलं होतं. ही विद्यापीठाकडे जाणाऱ्या मुलांची शाळा, आणि तिथे बारा वर्षांच्या पोरांना लॅटिन घ्यावंच लागतं. शाळा बघायला गेलो त्या दिवशी मी माझ्या लेकीला, इराला, दबक्या आवाजात झापत होते, “नीट उभी राहा, सगळे बघतायत.” मागून मराठीत आवाज आला, “कोणी बघत नाहीये गं. पण ऐकू मात्र सगळ्यांना येतंय.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी पाच मिनिटांत मी त्यांना, दहावीला मला संस्कृतमध्ये अठ्ठ्याण्णव होते, हे सांगून टाकलंच. माझा स्वभावच तसा.

ख्रिस्ती शाळा म्हटल्यावर सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या होत्या, “पोरीला बाटवायला घालताय की काय?” मी ते मार्थाताईंना सांगितलं, तर त्या खो-खो हसल्या. “त्यांना सांग, पन्नास वर्षं प्रार्थना करतेय, अजून माझा स्वतःचा राग मला आवरत नाही. मी काय कुणाला बाटवणार!” त्यांचा तास बायबलमधल्या चार ओळी आणि मग एक मिनिट शांतता, असा सुरू व्हायचा. करोनात शाळा बंद होऊन वर्ग स्क्रीनवर आले तरी ते मिनिट त्यांनी सोडलं नाही. इरा त्या मिनिटात डोळे मिटून बसायची. मी शेजारच्या खोलीत तिच्या मार्कांचा विचार करायचे.

त्यांचा एक नियम मला पहिल्या दिवसापासून खटकला होता. वहीत खोडरबर चालणार नाही. चुकलं की त्यावर पेन्सिलीची एक आडवी रेघ मारायची आणि पुढे लिहायचं. “चूक वाचता आली पाहिजे,” त्या म्हणायच्या, “नाहीतर मी शिकवू कशावरून?” आमच्या वेळी शाळेत कच्ची आणि पक्की अशा दोन वह्या असायच्या, बाईंसमोर जायची ती पक्की. मी इराच्या वहीला खाकी कव्हर घातलं होतं, त्यावर लेबल चिकटवून नाव लिहिलं होतं. अख्ख्या वर्गात तशी ती एकच वही. आत मात्र रेघाच रेघा... मला ते उघडून बघवत नसे.

शाळा दुसऱ्यांदा बंद झाली तेव्हा इरा दुसरीत होती, म्हणजे आपली आठवी. लॅटिनमध्ये तिला दहापैकी पावणेपाच होते. वर्षाच्या शेवटी ते वर आले नाहीत तर तिला ही शाळा सोडावी लागणार होती. मी हाय खाल्ली. आधी तिच्या शेजारी बसून मदत केली, मग माझ्या दोन कॉल्सच्या मधे तिचे उतारे मीच सोडवायला लागले. तिचं पुस्तक समोर होतं, संस्कृतची सवय होती, जमून गेलं. ती नुसतं माझ्या कागदावरून वहीत उतरवायची. ती एकदा म्हणाली, “मामा, दिट इस निट फान मै,” आई, हे माझं नाहीये. मी म्हटलं, “गप बस आणि लिही.”

मार्थाताईंना स्क्रीनवर तपासणं जमत नसे. मुलांनी वही त्यांच्या दाराच्या फटीतून आत टाकायची, ती त्या तीन दिवस खिडकीत ठेवायच्या, विषाणू मरायला म्हणून, आणि मग तपासून सायकलवरून घरोघरी परत द्यायच्या. आर्नहेमचे चढ, चौसष्टीचं वय आणि मास्क. मी एकदा काळजीनं बोलले तर म्हणाल्या, “घरात बसून गंजण्यापेक्षा बरं.” इराला साडेआठ मिळू लागले. मी नवऱ्याला म्हटलं, बघ.

जानेवारीत एका दुपारी त्या आमच्या फुटपाथवर दीड मीटर लांब उभ्या राहिल्या. हातात वही नव्हती. “वही फार स्वच्छ आहे गं,” त्या म्हणाल्या.

“हो, खूप मेहनत घेते ती.”

“अठ्ठ्याण्णव कुणाला होते?”

मी वाकून दारातल्या चपला सरळ करायला लागले.

“मी शाळेत काही बोलले नाहीये. वही माझ्याकडे राहू दे. इराला म्हणावं, एक पान स्वतः कर, रेघांसकट, आणि आणून टाक. मग बघू आपण तिघी मिळून.”

त्या गेल्यावर मी घरात चडफडत फिरत राहिले. ही कोण मला शिकवणार, इथवर माझी मजल गेली. इरानं खिडकीतून सगळं ऐकलं होतं. दोन दिवस खोलीत बसून तिनं एक पान केलं आणि माझ्या हातात दिलं. मी रेघा मोजल्या. चौदा. हे पान मार्थाताईंच्या हातात पडलं की पोरीची शाळा गेली, एवढंच मला दिसलं. मी ते बॅगेत घातलं आणि टाकून आले म्हणून सांगितलं.

इरा रोज विचारायची, “मेव्राउनं काही लिहिलं?” मेव्राउ म्हणजे बाई. मी म्हणायचे, “तीन दिवस खिडकीत ठेवतात ना.” मग म्हणायचे, त्यांना बरं नाहीये. ते खरंच होतं. फेब्रुवारीत त्यांना दवाखान्यात नेलं, आणि पुढे तो ईमेल आला.

अंत्यविधी आम्ही लॅपटॉपवर पाहिला. संपल्यावर इरा म्हणाली, “माझं पान वाईट होतं म्हणून त्या काही बोलल्या नाहीत ना?” हे चक्क मराठीत म्हणाली, एरवी तिच्या तोंडी बहुधा डचच असतं. मग मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. मी बॅग आणली, पान काढून तिच्यासमोर ठेवलं. ती रडली नाही. चार दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. त्या चार दिवसांत तिनं नव्या शिक्षकांना स्वतः लिहून कळवलं की हिवाळ्यातले मार्क तिचे नाहीत. आता ती या शाळेत राहील की नाही, मला माहीत नाही.

रविवारी तिनं सायकल काढली, म्हणाली, “चल.” नवरा गेल्यापासून मार्थाताई एकट्याच राहायच्या, त्यांच्या घराला पडदे नव्हतेच कधी. खिडकीत एकच वही होती, काचेला टेकवून उभी ठेवलेली. खाकी कव्हर, लेबलावर माझं अक्षर. बाकी सगळ्यांच्या वह्या परत गेल्या होत्या. त्या आमच्या पानाची वाट बघत होत्या... आणि मी घरात बसून त्यांना नावं ठेवत होते.

इरानं पान दाराच्या फटीतून आत सरकवलं. मी म्हटलं, “आता कोण वाचणार, बाळा?” ती सायकलला टेकून डोळे मिटून उभी राहिली, पुरतं एक मिनिट. मग म्हणाली, “तीन दिवस तरी थांब.”

घरातलं सामान अजून कुणी हलवलेलं नाही. मी ऑफिसचं काम अर्धं टाकून रोज तो चढ चढते, वही आहे का बघते आणि परत येते.