एका तासाला एक वाक्य

दरवर्षी आमच्या शाळेच्या गेटवर बॅनर लागतो, दहावीचा निकाल शंभर टक्के. तो बघितला की माझं डोकं फिरतं. मी गणिताचा मास्तर, ते शंभर कुठून येतात ते मला चांगलं ठाऊक आहे. नववीतली कच्ची पोरं आधीच वेचून बाहेर काढायची, पालकांना सांगायचं की सतरा नंबरचा फॉर्म भरा, पोराला बाहेरून परीक्षेला बसवा. मग उरलेल्यांचे टक्के अंधेरीभर मिरवायचे.

आणि सुलक्षणा परब दरवर्षी नववी ब मागून घेते, म्हणजे नेमकी तीच पोरं. नाहूरला राहते, मूळची कणकवलीकडची, वडील गिरणीत होते. विज्ञान शिकवते आणि तासाला पुस्तकातलं एकच वाक्य घेते. फळ्यावर ते लिहून तिचा पहिला प्रश्न, "ह्यात कोण काय करता, ता आधी सांगा." मग त्याचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा घरच्या भाषेत बोलायचा, मग परत पुस्तकी भाषेत जोडायचा.

एकदा मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. फळ्यावर होतं, 'सागरी प्रदूषणामुळे किनाऱ्यालगतच्या मत्स्यसंपदेत लक्षणीय घट झाली आहे.' वेसाव्याच्या कोळीवाड्यातली अबोली उठली. ही पोरगी गाईडमधलं उत्तर 'आकृती पाहा'सकट पेपरात उतरवायची.

"कचऱ्यामुळे किनाऱ्याला म्हावरं कमी मिळतं," ती म्हणाली.

"आणि लक्षणीय कुठे गेलं?"

"आईची पाटी भरत नाय, एवढं कमी."

त्या दिवशी सुलक्षणा स्टाफरूममध्ये दोन कप चहा प्यायली, एवढी खूश होती.

हेडसरांना हे खपेना. अ तुकडीचा पोर्शन संपत आला आणि तुम्ही अजून दुसऱ्या धड्यात, म्हणून ते तिला सगळ्यांसमोर बोलले. "त्यांचं पाठ झालंय सर, माझ्यांना कळायला लागलंय," ती म्हणाली. झालं. जानेवारीत काढायच्या पोरांची नावं निघाली, बहुतेक नववी ब मधली, त्यात अबोली. अर्जांवर पालकांच्या सह्या घ्यायच्या दिवशी सुलक्षणाला मुद्दाम ट्रेनिंगला धाडलं आणि मार्कांचं रजिस्टर घेऊन मला ऑफिसात बसवलं.

बाकीचे पालक कामावर जाता जाता येऊन सही करून गेले. सर सांगतायत म्हणजे पोराच्या भल्याचंच असणार. अबोलीची आई पुतळाबाई बाजार आटपून दुपारी आली, लेकीला घेऊन. हेडसरांनी शाळेनेच टाईप केलेला अर्ज पुढे सरकवला.

"चष्मा घरी राहिला," पुतळाबाई म्हणाली. "तू वाच गो."

अबोलीने वाचलं. "वैयक्तिक कारणास्तव पाल्याचे नियमित शिक्षण सुरू ठेवणे शक्य नसल्याने, त्यास शाळेतून मुक्त करण्याची विनंती मी स्वेच्छेने करीत आहे." मग तिने कागदावर बोट ठेवलं आणि एकेक तुकडा घेतला.

"शक्य नाही म्हणजे कोणाला? मी तर रोज येते. विनंती करणारी तू, आई. कोणी सांगितलं म्हणून नाही, स्वतःहून. तू म्हणतेयस, माझ्या मुलीला शाळेतून काढा."

"मी कधी बोलले असं?" पुतळाबाईने हेडसरांना विचारलं.

"अहो, फक्त फॉर्मॅलिटी असते."

तिने पेन टेबलावर ठेवलं आणि लेकीचा हात धरून निघून गेली. सही नाही, त्यामुळे अबोलीला काढता आलं नाही.

संध्याकाळी सुलक्षणा आली. मी सगळं सांगितलं.

"आणि बाकीची पोरं?"

"सह्या झाल्या."

ती तशीच हेडसरांकडे गेली. त्यांनी अर्जांचा गठ्ठा दाखवला, म्हणाले, पालकांचीच इच्छा आहे मॅडम. मग ती बाहेर आली. "वर्षभर पुस्तकातली वाक्यं घेत बसले रे जयवंत," ती म्हणाली. "हे एक घेतलं असतं तर सगळी राहिली असती."

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला ती आठवीच्या, म्हणजे पुढच्या वर्षी नववीत येणाऱ्या पोरांच्या वर्गात गेली आणि अर्जातलं ते वाक्य फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं. कोणीतरी चुगली केलीच, हेडसर दारात येऊन उभे राहिले. तिने मागच्या बाकाकडे हात केला.

"बसा सर. तुमचंच वाक्य आहे."