होल्यांचा पंधरवडा

मी आयुष्यात जे काही मारलं ते डासच, आणि तेही बॅटनं. त्यामुळे एकोणसाठाव्या वर्षी शिकारीच्या परवान्यासाठी जो सेफ्टीचा वर्ग करावा लागतो, त्यात बारा-तेरा वर्षांच्या पोरांमध्ये गुडघे बाकाखाली कोंबून बसलो, तेव्हा शिकवणाऱ्या गृहस्थांनी अदबीनं विचारलं, नातवाला सोडायला आलात का? म्हटलं, नाही, मीच विद्यार्थी. शेजारच्या मुलानं माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि आपली पेन्सिल मला दिली.

हे सगळं व्याह्यांमुळे.

आमचे व्याही म्हणजे मुलीचे सासरे. आमच्या सनीव्हेलहून गाडीनं अडीच तासांवर, कॅलिफोर्नियाच्या मधल्या सपाट शेतीच्या मुलखात त्यांचं वीस एकराचं शेत. माणूस अमेरिकन, सव्वासहा फूट उंच, आणि दिवसाला साधारण तेवढीच वाक्यं बोलायचा. मी तासाला तेवढी बोलतो, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. ते शेताच्या एका पट्ट्यात सूर्यफूल लावायचे. सप्टेंबर लागला की त्या सूर्यफुलांवर होले उतरतात. आपल्याकडे विजेच्या तारेवर बसून घुमणारा होला असतो ना, त्याचाच इथला भाऊ. त्याच्या शिकारीला सरकार पंधरा दिवस देतं, सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. (थंडीत आणखी थोडे दिवस असतात, त्याचं पुढे सांगतो.)

व्याह्यांकडे एक फोर-टेन होती. छऱ्यांच्या बंदुकांमधली सगळ्यात बारीक नळीची, एकाच काडतुसाची. नळी मोडल्यासारखी खाली वाकवायची, काडतूस घालायचं, परत मिटायची. "ही लहान मुलांसाठी," त्यांनी मला एकदा दाखवताना सांगितलं. मग थोडा विचार करून म्हणाले, "आणि तुमच्यासाठी."

आमची दोघांची नात आठ वर्षांची झाली की तिला होल्यांच्या शिकारीला घेऊन जायचं, असं त्यांनी तिला पाचव्या वर्षीच कबूल केलं होतं. बंदूक तिच्या हातात नाही द्यायची. तिनं शेजारी उलट्या बादलीवर बसायचं, गप्प राहायचं, पडलेला पक्षी शोधून आणायचा आणि संध्याकाळी तो खायचा. त्यांच्या घरात चार पिढ्या हे असंच होत आलं. बादलीसुद्धा ठरलेली होती, पांढरी, रंगाची.

नात आठ वर्षांची झाली मे महिन्यात. व्याही मार्चमध्ये गेले.

शेवटी हॉस्पिटलमध्ये मी भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही न्या तिला. एकच पक्षी. पण तिनं स्वतः उचललेला." मी म्हटलं, "नो प्रॉब्लेम." तीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या आमच्यासारख्या माणसाला नाही म्हणता येत नाही. मॅनेजरनं काहीही मागितलं की तोंडातून आधी हो निघतं, आणि ते जमणार कसं हे नंतर बघायचं. व्याह्यांनी माझा हात धरला आणि डोळे मिटले. त्यांचं काम झालं होतं.

जावई हे करू शकला असता, पण त्याला बोट कापलं तरी चक्कर येते. विहीणबाई सप्टेंबरअखेर शेत विकून ॲरिझोनाला बहिणीकडे जाणार होत्या. घेणारा सगळं नांगरून बदामाची झाडं लावणार होता. म्हणजे थंडीतले दिवस येतील तेव्हा सूर्यफुलं नसणार, बादली ठेवायला जागा नसणार. होता तो हाच पंधरवडा, आणि त्यातले दोन शनिवार.

पहिला शनिवार धुरात गेला. डोंगरात वणवा लागला होता, हवा खराब, पोरीला बाहेर काढू नका असं तिच्या आईनं बजावलं. राहिला एक.

याच पंधरवड्यात आमच्या घरी दुसरा पंधरवडा सुरू झाला, पितृपक्ष. बायकोनं यंदा व्याह्यांसाठीही पान वाढायचं ठरवलं.

"अगं, त्यांच्यात नसतं हे."

"नसतं म्हणूनच. त्यांना कोण घालणार?"

तिनं अपार्टमेंटच्या बाल्कनीत केळीचं पान मांडलं. वरण-भात, वडे, खीर. नात त्या दिवशी आमच्याकडे होती. कावळ्याची वाट बघत ती काचेच्या दाराला नाक लावून बसली, आणि आजीनं तिला सगळं समजावून सांगितलं. गेलेली माणसं या दिवसांत पाखरांच्या रूपानं जेवायला येतात. जेवली म्हणजे त्यांचं सगळं पावलं. नाही शिवला कावळा, तर त्यांचं काहीतरी राहिलंय. मग आपण मोठ्यानं सांगायचं, तुमचं अमुक अमुक मी करीन, काळजी करू नका. की मग येतो.

एक खार आली आणि वडा घेऊन गेली.

"डझ दॅट काउंट?" नातीनं विचारलं. बायको म्हणाली, नाही.

दुसऱ्या शुक्रवारी आम्ही तिघं शेतावर गेलो. विहीणबाईंनी सूप केलं होतं. घरात खोकी भरून ठेवलेली, भिंतीवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन. फोर-टेन त्यांनी टेबलावर काढून ठेवली होती, तेलपाणी करून. "सोमवारी दुकानदार येऊन घेऊन जाईल," म्हणाल्या. "घरात कुणाला नको आहे." मी पटकन मान हलवली. मलाही नको होती. जेवण होईपर्यंत नात बाहेर खेळत होती. बाहेरून आली तेव्हा हात झटकत होती आणि खूश दिसत होती. मी काही विचारलं नाही.

सकाळी उजाडताना आम्ही सूर्यफुलांच्या कडेला जाऊन बसलो. ती पांढऱ्या बादलीवर, मी घडीच्या खुर्चीवर, कारण माझी कंबर. तिनं व्याह्यांची टोपी घातली होती, ती नाकापर्यंत येत होती. सुकलेली सूर्यफुलं माना खाली घालून उभी होती. मी बंदूक वाकवली, काडतूस घातलं, मिटली. कॉलेजात एनसीसीमध्ये मी पाच गोळ्या झाडल्या होत्या. त्यातली एक लागली होती, शेजारच्याच्या टार्गेटला. हे मी नातीला सांगितलं नव्हतं.

"आबा, बसलेला नाही मारायचा. ग्रॅम्प्स फक्त उडणारेच मारायचे."

"माहितीये."

"आणि खांदा वर नको. ही वुड लाफ."

"हसू देत."

मग होले आले. व्याही सांगायचे की सकाळी दोन-दोन, तीन-तीन येतात, वाट बघावी लागते. हे वीस-पंचवीस आले. पंख वाजवत थेट आमच्या समोर उतरले. मागोमाग आणखी. मला वाटलं, बरं का, आपल्यात काहीतरी आहे. पाखरांनासुद्धा कळतं. मी हळूच उठलो, बंदूक खांद्याला लावली. आता ते उडतील, त्यातला एक पडेल, ती धावत जाऊन उचलेल, आणि हॉस्पिटलमधलं माझं ते हो एकदाचं खरं होईल.

पण ते उडेनात. खाली माना घालून टिपत होते. सूर्यफुलाखाली नाही, उघड्या मातीत. मी दोन पावलं पुढे गेलो, तेव्हा फडफडाट करून सगळे उठले. माझं बोट चापावर होतं, आणि नजर जमिनीवर. मातीत हिरवट करडे दाणे होते. बाजरी.

त्या वर्गात मी दोन गोष्टी पक्क्या शिकलो. एक, नळी कुणाकडे रोखायची नाही. दुसरी, शेतात पिकलेलं धान्य चालतं, पण बाहेरून आणून टाकलेल्या दाण्यावर होले मारणं गुन्हा आहे, तोही केंद्र सरकारचा. एकदा दाणा पडला की तो सगळा उचलल्यानंतरही दहा दिवस तिथे शिकार नाही. परीक्षेत हा प्रश्न आला होता. मला पैकीच्या पैकी मिळाले होते.

"हे कुणी टाकलं?" मी बंदूक वाकवून काडतूस काढलं.

"मी." ती बादलीवरून उठली. "आजीकडून आणली. ते येतील म्हणून. आणि ग्रॅम्प्सही जेवतील. म्हणजे ते डव्ह नसतील, ते क्रो असतील. क्रोला आत्ता सीझन नाहीये, मी पाहिलंय. सो सेफ." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "व्हॉट?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. आसपास मैलभर कुणी नव्हतं. एक गोळी झाडायची, पक्षी पडला तर पडला. पण व्याह्यांनी दाणा टाकल्याबद्दल एकदा सख्ख्या चुलत भावाची तक्रार केली होती, आणि त्यानंतर तो भाऊ त्यांच्याशी बोलत नव्हता. हे एक कारण झालं. दुसरं कारण असं की माझा नागरिकत्वाचा अर्ज गेले आठ महिने सरकारदरबारी पडून आहे, आणि त्यात एक चौकट आहे, तुम्ही कधी गुन्हा केला आहे का. त्या क्षणी मला आधी व्याही आठवले की ती चौकट, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. म्हणजे सांगू शकतो, पण सांगणार नाही.

मी तिला नियम सांगितला. दहा दिवसांचा तेवढा गाळला.

तिनं खिशातून रिकामी झिपलॉक पिशवी काढली आणि गुडघ्यांवर बसून एकेक दाणा उचलायला लागली. मीही बसलो, कंबर असून. बाजरीचा दाणा मातीत शोधणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. अर्ध्या तासात आमच्या पिशवीत बाजरी कमी आणि माती जास्त झाली. होले वर तारेवर रांगेनं बसून बघत होते, पंगतीतून जेवण उचलून नेणाऱ्यांकडे बघावं तसे.

मी म्हटलं, "तासाभरावर सरकारी रान आहे. तिकडे जाऊ या का? परवाना आहे माझ्याकडे."

"बकेट इथे आहे," ती म्हणाली.

थोड्या वेळानं, मान वर न करता, तिनंच विचारलं, "सगळे उचलले तरी टेन डेज, ना आबा?"

नियमांचं पुस्तक तिनं माझ्याआधी वाचलं होतं. मी हो म्हटलं. ती तरीही उचलत राहिली.

घरात बायकोला सांगितलं तर ती कॉफीचा कप खाली ठेवून म्हणाली, "मला काय माहीत? पोरीनं बाजरी मागितली, मी दिली. खायला घालणं काय गुन्हा आहे?"

"इथे आहे."

"मग कसले हो तुमचे कायदे. मारायला परवाना, आणि खायला घातलं की दंड."

"माझे नाहीत कायदे. मला अजून मतसुद्धा नाही."

विहीणबाईंना मी इंग्रजीत समजावून सांगितलं. मग बंदूक तिच्या पेटीत ठेवून त्यांनी झाकण लावलं आणि म्हणाल्या, तो असता तर त्यानंही आजचा दिवस सोडला असता. हे त्या माझ्यासाठी म्हणाल्या हे मला कळलं. पण ते असते तर शुक्रवारी संध्याकाळी नातीबरोबर बाहेर असते, आणि तिच्या मुठीत काय आहे ते त्यांनी विचारलं असतं.

निघायच्या आधी बायकोनं डब्यातला वरण-भात पत्रावळीवर काढला. शेत बाटलेलंच होतं, आता काय. बादलीवर पत्रावळ ठेवली आणि आम्ही चौघं लांब उभे राहिलो. विहीणबाई हात बांधून, काही न विचारता.

कावळा आला. पंपाच्या खोपटावर बसला. पत्रावळीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि बसून राहिला.

दहा मिनिटं झाली. वीस झाली.

"काहीतरी कबूल करा," बायको हलक्या आवाजात म्हणाली. "अडकलंय त्यांचं. तुम्हाला सांगून गेलेत, तुम्हीच बोला."

मी दोन पावलं पुढे झालो. पुढच्या वर्षी नेईन, म्हणावं, तर इथे बदाम असणार. दुसऱ्या कुठल्या शेतावर नेईन, म्हणावं, तर ती बादली सोडून येणार नाही. तिला बंदूक शिकवीन म्हणावं, तर बंदूक सोमवारी चालली होती, आणि शिकवणारा मी. एकच पक्षी मागितला होता माणसानं. तीस वर्षं ज्या तोंडातून विचार न करता हो बाहेर पडलं, ते तोंड उघडं राहिलं आणि त्यातून काही येईना.

"आबा, से समथिंग," नात म्हणाली.

कावळा बसून होता. एकदा मान वाकडी केली, चोच पत्र्यावर घासली. शेवटी बायकोच म्हणाली की ट्रॅफिक लागेल, आणि तिनं पत्रावळ उचलून खोपटामागे ठेवली. विहीणबाईंनी बादली उचलली आणि खोक्यांजवळ नेऊन ठेवली, न्यायच्यात की टाकायच्यात ते समजलं नाही.

परतताना नात मागच्या सीटवर मातीची ती झिपलॉक मांडीवर घेऊन बसली होती. दीड तास गेला. मग तिनं विचारलं, "नेक्स्ट इयर?"

मी सिग्नल दिला, लेन बदलली आणि म्हटलं, "आपली एक्झिट आली वाटतं."

एक्झिटला अजून चाळीस मैल होते. तिला पाट्या वाचता येतात.