रिपिट काढून बोल्ट

गॅरेजमधले किस्से डब्यातल्या सुट्या नटांसारखे असतात. कोणी मुद्दाम साठवत नाही, पण एक काढायला हात घातला की पाच वर येतात. शाळा सोडून मी अकोल्याच्या जुन्या शहरात रहीम उस्तादांच्या गॅरेजला लागलो. तिथे एका डॉक्टरसाहेबांची फार जुनी, उघडी मोटार दुरुस्तीला आली, तेव्हाचे हे.

उस्तादांनी गाडीखालून बाहेर येत सांगितलं, "डाक्टरसाब, चेसिसचे रिपिट ढिले झाले." गाडीचा सांगाडा जोडणाऱ्या रिव्हेटला आमच्या धंद्यात रिपिटच म्हणतात.

डॉक्टर गोंधळले. "रिपीट कसं? पहिलं औषध तर तुम्ही अजून दिलंच नाही!"

*

नवे रिपिट तापवून ठोकायचे, तर वरची लाकडी बॉडी जळाली असती. म्हणून बोल्ट लावायचं ठरलं, आणि ते निवडायचं काम उस्तादांनी माझ्यावर टाकलं.

बाजारात दुकानदारानं चकचकीत बोल्टांची रास पुढे ओतली. सगळ्यांना टोकापासून डोक्यापर्यंत आटे. भोकात आटे आले की ते घासून घासून भोक मोठं करतात. मला भोकात बसणारा भाग गुळगुळीत हवा होता, हातोडीनं ठोकल्याशिवाय आत न जाणारा. मी एकेक उचलून, फिरवून पाहत राहिलो.

दुकानदार वैतागला. "काहून बे, बोल्ट घेऊन राहिला का बायको पाहून राहिला?"

मी लाजून दुसऱ्या दुकानात गेलो. तिथे मिळाले.

*

मला चारचौघांत बोलायला जमत नाही. बोल्ट ठोकताना डॉक्टरांनी मला दोनतीनदा काही विचारलं. मी नुसती मान हलवली. शेवटी त्यांनी उस्तादांना विचारलं, "हा मुलगा बोलत नाही का?"

"बोलत नाई साब," उस्ताद म्हणाले, "बोल्टते."

*

उस्तादांचा एक नियम होता. ज्यानं चेसिसला हात लावला, त्यानं पहिल्या फेरीला आपल्या घरचं माणूस मागच्या सीटवर बसवायचं. माझ्या घरी आईच तेवढी.

"उस्ताद, बोल्ट तुटला तर?"

"म्हणून तर तुह्या मायले बसवून राहिलो."

मी सगळे बोल्ट पुन्हा कसले.

डॉक्टर चालवत होते, उस्ताद त्यांच्या शेजारी, आई आणि मी मागे. मोर्णा नदीचा पूल मागे पडला. मी बाहेर वाकून चाकाकडेच पाहत होतो. बार्शीटाकळीच्या रस्त्यावर मोठा खड्डा आला, आणि लगेच आवाज आला. कट्ट.

डॉक्टरांनी गाडी थांबवली. उस्ताद खाली शिरले.

"एकही हलला नाई," उस्ताद खालून ओरडले.

तेवढ्यात पुन्हा, उभ्या गाडीत, कट्ट.

आईच्या हातात अडकित्ता होता.

"सुपारी फोडून राहिली मी," ती म्हणाली. "तुमी काहून थांबले?"

*

फेरी करून गॅरेजात परतलो. डॉक्टर खुशीत उतरले, बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "फर्स्ट क्लास. रिपीट!"

उस्तादांचा चेहरा उतरला. कधी नव्हे ते माझ्या तोंडून शब्द निघाले, "रिपिट नको साहेब, बोल्ट पक्के आहेत."

आई तोवर दुसऱ्या फेरीसाठी मागच्या सीटवर जाऊन बसली होती.