‘व्हाय डोन्ट वी’ आणि अवरेकाई

इंग्रजीतल्या एका वाक्यावर माझा राग आहे. शिवी नाही, टोमणा नाही, उलट ऐकायला गोडच. ‘व्हाय डोन्ट वी’ असं ते सुरू होतं आणि पुढे वाटेल ते जोडता येतं: कॉफी घेऊया, फिरायला जाऊया, केस कापूया. आमच्या गल्लीत हे वाक्य आणलं माझ्या मैत्रिणीच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलेल्या पुण्याच्या मुलीने, आणि त्या वाक्याने माझी मैत्रीण माझ्यापासून पळवली. याला कुणी मत्सर म्हणेल. म्हणू दे, मी लपवत नाही.

आम्ही दोघी बंगळुरूच्या, बसवनगुडीतल्या. आमची घराणी इथे इतक्या पिढ्या आहेत की आमच्या मराठीत निम्मं कन्नड मुरलंय, आणि पुण्याकडचे पाहुणे ते ऐकून तोंडावर हात धरतात. मैत्रीण माझ्यापेक्षा थोडी लहान, मला अक्का म्हणते. लग्न होऊन ती गल्लीच्या त्या टोकाला आली तेव्हापासूनची आमची सोबत. आमच्यात निमंत्रणं कधी नव्हती. बोलावणं परक्यांना करायचं असतं. मी तिच्या फाटकाशी उभी राहून ‘चल’ म्हणायची आणि ती पदर खोचून निघायची. बाजार, देऊळ, कुणाचं बारसं, कुणाचं तेरावं, सगळीकडे तेवढा एक शब्द पुरला.

आणि थंडीत तर तोही लागत नसे. थंडी पडली की गांधी बाजारात अवरेकाईचे ढीग लागतात. जात पावट्याचीच, पण इथल्या माणसासमोर त्याला पावटा म्हणू नये. शेंगा सोलून दाणे भिजत घालायचे आणि मग एकेक दाणा चिमटीत दाबून सालीबाहेर काढायचा. हे काम एकटीने करायचं नसतं. समोरासमोर ताटं घेऊन बसायचं. दाणा निसटून ताटात पडतो, तशी बोलता बोलता मनातली गोष्टही पडते. मुलगा परदेशी चाललाय हे तिने मला अवरेकाई सोलतानाच सांगितलं. नवरा गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली तीही त्या ताटावरच. बाजारात शेंगा दिसल्या की दुसऱ्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात हजर, हे इतकं ठरलेलं होतं की ठरवल्याचं आठवत नाही.

पुण्याची मुलगी आली ती लॅपटॉप घेऊन. ऑफिस महादेवपुऱ्याला, पण आठवड्यातले निम्मे दिवस घरूनच काम. आली त्याच आठवड्यात तिने दात घासता घासता जिन्यावरून वाकून विचारलं, व्हाय डोन्ट वी हॅव कॉफी टुगेदर, काकू? माझी मैत्रीण हे मला सांगायला आली तेव्हा तिचा चेहरा लग्नातल्या करवलीसारखा झाला होता. मी म्हटलं, कॉफी तर तुझ्याच घरची असेल. ती म्हणाली, हो, पण विचारलं किती छान.

मग धडाकाच लागला. मुलीने विचारलं, आपण मेट्रोने शेवटच्या स्टेशनपर्यंत का नाही जात, नुसतंच? दोघी गेल्या. काही काम नसताना गेल्या, खिडकीतून बघितलं, परत आल्या. मुलीने विचारलं आणि मैत्रिणीने केस कापले. मुलीने विचारलं आणि साठी उलटलेली माझी मैत्रीण पंजाबी ड्रेस घालून बागेत चालायला जाऊ लागली. हेच ड्रेस घाल म्हणून मी तिला पूर्वी कितीदा सांगितलं होतं. माझं सांगणं भिंतीला आणि त्या पोरीचं विचारणं देवाला.

मला त्या वाक्याचा भरवसा नव्हता, त्यालाही कारण होतं. मी बँकेत होते. आमचे एक साहेब कुणाला टाकून बोलायचं असलं की केबिनमध्ये बोलावून म्हणत, व्हाय डोन्ट यू सिट डाउन? त्या प्रश्नाला नाही म्हणून कुणी उभं राहिलेलं मी पाहिलं नाही. तो साखरेत घोळवलेला हुकूम होता. मैत्रिणीला मी हे समजावलं, तर ती म्हणाली, ते ‘यू’ म्हणत होते, ही ‘वी’ म्हणते. इंग्रजीचं शिक्षण माझं, आणि मला शिकवायला ही.

पुढे तिच्याही तोंडात ते बसलं. एका संध्याकाळी मलाच म्हणाली, अक्का, व्हाय डोन्ट वी टेकडीवर जाऊया? मी म्हटलं, कारण माझे गुडघे. का नाही असं विचारलंस, म्हणून सांगितलं. ती हसली नाही. सरी, म्हणजे बरं, एवढंच म्हणाली आणि गेली. टेकडीवर ती कुणाबरोबर गेली हे मला विचारावं लागलं नाही.

मग थंडी आली. बाजारात ढीग लागले, मी शेंगा आणल्या, सोलल्या, दाणे भिजत घातले, दोन ताटं पुसून ठेवली. ती आली नाही. दुपारी जेवण उरकलं तरी नाही. फोन करायला हात गेला नाही. इतक्या वर्षांत जे कधी केलं नाही ते आता कशाला करायचं?

संध्याकाळी ती देवळात भेटली. प्रसाद द्यायला तिने हात पुढे केला आणि मला वास आला. अवरेकाईच्या सालीचा एक चिकट वास असतो, इथे त्याला सोगडु म्हणतात, तो साबणानेही बोटांवरून जात नाही. नवऱ्याच्या शर्टाला परकं अत्तर लागलेलं कळल्यावर बाईला जसं होत असेल, तसं मला झालं. प्रसाद मी तसाच मुठीत धरून ठेवला.

मी विचारलं, अवरेकाई सोललीस वाटतं. लपवायचं तिच्या मनातही नव्हतं. म्हणाली, मुलीने कधी पाहिली नव्हती, आपण करून का नाही बघत असं तिने विचारलं, म्हणून वरच बसलो.

“मी दाणे भिजत घातले होते,” मी म्हटलं.

“बोलली नाहीस.”

“कधी बोलावं लागलं होतं?”

ती हळूच म्हणाली, “अक्का, माहेरी अप्पा ये-जा म्हणायचे. मग हे म्हणायचे. मग तू. मला कुणी येतेस का म्हणून विचारलं की स्वल्प बरं वाटतं बघ.”

मी घरी आले. दाणे एकटीने सोलले. मला फार राग आला होता, आणि राग कुणावर आहे ते कळत नव्हतं, म्हणून तो त्या पोरीवरच ठेवला. अजून विशी-पंचविशीची, दोन वर्षांत दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्या गावात निघून जाईल, आणि माझ्या मैत्रिणीला जे हवं होतं ते तिला पहिल्याच आठवड्यात जिन्यावरून, दात घासता घासता जमलं.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा शेंगा आणल्या. दाणे पाण्यात टाकले आणि मैत्रिणीच्या घराकडे निघाले. वाटेत ओठातल्या ओठात वाक्य घोळवत होते. बँकेत आयुष्य इंग्रजीत काढलं, पण हे वाक्य मी कुणाला उद्देशून कधी म्हटलं नव्हतं. फाटकाशी पोचले तर ती तुळशीला पाणी घालत होती. जिभेवर ‘चल’ आला होता. तो गिळला.

“व्हाय डोन्ट वी,” मी म्हटलं, “अवरेकाई सोलूया? माझ्याकडे?”

तिने तांब्या खाली ठेवला. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी चेहरा सरळ ठेवला.

“आज नको गं,” ती म्हणाली. “पाठ दुखतेय. उद्या चालेल?”

मी सरी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? विचारलं मीच होतं. परत येताना लक्षात आलं, इतक्या वर्षांत तिने मला ‘नको’ म्हटल्याचं मला एकदाही आठवत नव्हतं. घरी येऊन मी दाण्यांचं पाणी काढलं, डबा फ्रिजमध्ये ठेवला. रात्री धड जेवले नाही. तिची पाठ दुखतेय की वर कॉफी आहे, हाच विचार.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझे कान फाटकाकडे होते. पूर्वी ती यायची तेव्हा मी कधी वाट पाहिली नव्हती, कारण ती येणारच असायची. अकरा वाजत आले तेव्हा कडी वाजली. ती एकटीच होती, पंजाबी ड्रेसमध्ये. आली, जमिनीवर बसली, ताट ओढून घेतलं आणि सोलायला लागली. दोघींच्या ताटांचा तळ दाण्यांनी झाकला.

मला राहवलं नाही. “काल पाठ खरंच दुखत होती?”

तिने चिमटीतला दाणा दाबला. तो ताटात पडला.

“नाही,” ती म्हणाली. “नको म्हणून बघितलं.”

मी माझ्या भांड्यातले मूठभर दाणे तिच्या ताटात टाकले आणि विचारलं, आणखी देऊ का?