जवायाला बसवायचं कसं?

आमच्या गावच्या मंडईच्या जत्रेला पाच दिवस राहिले होते आणि टपरीवर, पारावर, पीठगिरणीत एकच विषय होता. जवायाला बसवायचं की नाही?

बसवायचं म्हणजे कबड्डीच्या मैदानाबाहेर. जवाई माझाच, धाकट्या बहिणीचा नवरा. आणि संघ उतरवणाराही मीच. गुडघा गेल्यापासून मी स्वतः खेळत नाही, पण कोण आत आणि कोण बाहेर हे मी ठरवतो. दुसऱ्या कोणी ठरवलेलं मला खपत नाही, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. त्यामुळे चहा प्यायला गेलो की जो तो माझ्या तोंडाकडे पाहायचा.

दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगावच्या मंडया लागतात. आज या गावाची, परवा त्या गावाची. लेकी माहेरी येतात, जिलेबीच्या कढया चढतात, रात्री दंडारीचं लोकनाट्य होतं आणि दुपारी कबड्डीचे सामने. दुसऱ्याच्या मंडईत हरलं तर लोक आठ दिवसांत विसरतात. स्वतःच्या मंडईत हरलं तर वर्षभर ऐकवतात.

जवाई मूळचा दिघोरीचा. लग्नानंतर त्याला वरठीच्या लोखंडाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे काम लागलं. तिथून आमचं गाव जवळ, म्हणून दोघं आमच्याच गल्लीत खोली घेऊन राहिली. सोय झाली, पण माणसाचं नाव गेलं. बायकोच्या गावात राहणाऱ्याला कोण नावानं हाक मारतो? खोली वेगळी, चूल वेगळी, तरी "घरजवाई आला", "घरजवाई चालला". तो हसून सोडून द्यायचा. मला राग यायचा, आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटायची.

मग एका मंडईला आमचा चढाई करणारा गडी तापानं फणफणला आणि गडी कमी पडतो म्हणून मी जवायाला उतरवलं. बाप्पा! माणूस समोरच्या संघात असा घुसला की दोन-दोन, तीन-तीन गडी मारून परत. त्या दिवसापासून तो 'रेडर' झाला. मोटरसायकलवर ड्युटीला निघाला की पोट्टे ओरडायचे, "ओ रेडर!" आणि हा हॉर्न वाजवायचा. बहीण म्हणायची, "कोणी आवाज नाही देला तरी वाजवते, दादा." तीन वर्षं असं चाललं होतं.

यंदा कुठून साडेसाती लागली कोण जाणे. पहिल्या गावच्या मंडईत तो चारदा पकडला गेला. शहापूरला गेलो तर त्याहून वाईट. हा डाव्या कोपऱ्यात घुसायचा, दोघांना शिवायचा, वळायचा, आणि वळताना अडखळायचा. अंधारात आणखी एक पायरी आहे समजून पाय टाकावा, तसा. तेवढ्यात चौघं त्याच्या अंगावर. आमचे गुण जायचे ते जायचे, वर त्यांना मिळायचे. आणि सरावात मात्र हाच माणूस वाघ! कोणाच्या बापाला सापडत नव्हता. म्हणून तर माझं डोकं जास्त फिरत होतं.

शहापूरहून येताना टेम्पोत कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी टपरीवर सगळे बोलले. जवाई कारखान्यात होता, म्हणून मोकळेपणानं बोलले.

"भाऊ, आता याले बसवा. टेलरभाऊले उतरवा."

टेलरभाऊ म्हणजे आमचा गावचा शिंपी. तो चढाईला गेला की कापड मापल्यासारखा जायचा. बोनसची रेषा शिवायची आणि गपचूप मागं. दहा वेळा गेला तर आठ वेळा रिकामा यायचा, पण यायचा.

"टेलरभाऊ सामना जिंकत नाही," मी म्हटलं.

"हरत बी नाही," एक जण म्हणाला. "जवाई तर समोरच्याले सामना हातात नेऊन देऊन राहिला."

खरंच होतं ते. पण सांगायचं कोणी? आमच्या घरी जवाई आला की आई आधी त्याला पाट देते, मग मला ओळखते. तिला नुसतं विचारून पाहिलं तर म्हणाली, "पंगतीत बसलेल्या जवायाले उठवते का कोणी? गावासमोर? तुले काही अक्कल?"

मी गेलोच. संध्याकाळी तो ड्युटीवरून येऊन हातपाय धूत होता. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "जवाईबापू, तुम्ही यंदा बसा."

त्यानं हात पुसले. मग म्हणाला, "दादा, मैदानातच काहीतरी चुकून राहिलं. तिकडे पाय सापडत नाही मले."

मला समजून घ्यायला हवं होतं. पण माझी जीभ! "नाचता येईना, आंगन वाकडं," मी फाडकन बोललो आणि निघालो. पाठीमागे त्यानं बूट खुंटीला अडकवल्याचा आवाज आला.

सकाळी बहीण आली. ओट्यावर बसली, चहा घेतला नाही. "मंडई झाली का आमी दिघोरीले चाललो," ती म्हणाली. "तिकडे घरची शेती हाय, करतो म्हणते हे. मी म्हटलं, एका खेळासाठी काहून? तर म्हणते, खेळासाठी नाही. इथं मी फक्त तुहा नवरा म्हणून किती दिवस राहू?"

ती उठली. जाताना म्हणाली, "तू बसवलं त्याचं काही नाही, दादा. तू हसला ना, ते लागलं त्यायले."

मी हसलो नव्हतो, पण त्याहून वाईट केलं होतं. घरात बसवेना, म्हणून फावडं उचललं आणि बांधीवर गेलो. बांधी म्हणजे धानाचं बांधलेलं शेत, चारी बाजूंनी मातीचा उंच बांध, म्हणजे धुरा, त्यात पाणी अडतं. यंदा पंचायतीच्या मैदानावर सभागृहाचं काम सुरू झालं, तेव्हा संघाला सरावाला जागाच उरली नव्हती. मी छाती पुढे काढून म्हटलं होतं, घ्या, माझी बांधी घ्या. त्यात हलका, लवकर येणारा धान होता, दसऱ्याआधीच निघाला. धसकटं काढली, पाणी मारून रूळ फिरवला आणि चुन्याच्या रेषा आखल्या. मंडई झाली की तिथं चणा टाकायचा, म्हणून धुरा कुठे फुटला आहे ते पाहत पाहत मी निघालो.

तलावाच्या अंगाला, डाव्या कोपऱ्याजवळ, धुऱ्याच्या पोटात एक खड्डा पडलेला. घोटाभर खोल. उंदराचा म्हणावा तर आतून गुळगुळीत, पाऊल ठेवून ठेवून दाबलेला.

मी तिथंच खाली बसलो.

बांधी रुंदीला कमी होती. एका बाजूला चुन्याची रेषा मारायला जागाच नव्हती, म्हणून धुऱ्यालाच रेषा मानलं होतं. आणि पहिल्याच दिवशी कोणाचा तरी पाय धुऱ्याला लागला, त्यावर भांडण झालं, तेव्हा मी ओरडलो होतो, "धुऱ्याले पाय लागला तर बाद नाही! खेळा!" त्या डाव्या कोपऱ्यात इतक्या आत घुसणारा आमच्यात एकच. तो घुसायचा, धुऱ्याला डावा पाय रोवायचा, तिथून उसळी मारली की थेट मधल्या रेषेवर. महिनाभर रोज. आणि सामन्यात कोपऱ्यात वळला की त्याचा पाय धुरा शोधायचा. शहापूरला कुठून येणार माझा धुरा? मी एक कचकचीत शिवी दिली, आणि ती स्वतःलाच दिली.

तसाच त्याच्या खोलीवर गेलो आणि त्याला बांधीवर घेऊन आलो. काही सांगितलं नाही, नुसता खड्डा दाखवला. त्यानं चप्पल काढून डावा पाय त्यात ठेवला. बरोबर बसला.

"चूक माही हाय, जवाईबापू," मी म्हटलं. जन्मात हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन, देव जाणे.

"तुम्ही तर आंगन वाकडं म्हणत होते."

"हाव. वाकडंच निघालं ना."

मग हसला बुवा.

शाळेला दिवाळीची सुट्टी होती, म्हणून उरलेले दिवस आम्ही पहाटे शाळेच्या मोकळ्या मैदानावर गेलो. चारी बाजूंना फक्त चुना. तो पडायचा, उठायचा, पुन्हा पडायचा. महिन्याची सवय तीन दिवसांत सुटते काय? मंडईच्या सकाळी मी संघाला सांगितलं, जवाई खेळणार. कारणही सांगितलं. एक जण म्हणाला, "तुमचा जवाई म्हणून बोलून राहिले तुम्ही."

मी त्याच्यावर धावून जाणार, तेवढ्यात जवाईच बोलला. "पहिल्या डावात टेलरभाऊले खेळू द्या. मी बसतो. दुसऱ्या डावात पाहू." कोणाला वाद घालायला जागाच ठेवली नाही त्यानं.

तर असा माझा जवाई अख्ख्या गावासमोर, पाहुण्यारावळ्यांसमोर, रेषेबाहेर जमिनीवर बसला. पाच मिनिटं झाली नसतील, बायकांच्या गर्दीतून आई निघाली. डोक्यावर लाल प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर घरातली उशी. सामना चालू असताना मैदानाला वळसा घालून ती आली आणि खुर्ची त्याच्याजवळ ठेवली. "भुईवर नोका बसू," म्हणाली. पंच शिट्टी वाजवायचा विसरला. गाव हसून हसून लोळलं. जवाई लाल झाला, पण उठला आणि उशीवर बसला. काय करणार?

पहिला डाव संपला तेव्हा आम्ही सहा गुणांनी मागे होतो. टेलरभाऊ प्रत्येक वेळी सुखरूप परत आला होता, पण नुसतं परत येऊन सहा गुण कसे भरतील? मी खुर्चीकडे पाहिलं. जवायानं बूट घातलेलेच होते.

पहिलीच चढाई. डावा कोपरा. दोन गडी शिवले, वळला, आणि पाय धुरा शोधायला गेला. पकडला! गर्दीतून एक आवाज आला, "घरजवायाले घरी पाठवा!"

बहिणीनं मान खाली घातलेली मला दिसली. त्या आवाजाच्या धन्याचं नरडं धरायला मी निघालोच होतो, पण संघ माझ्या भरवशावर उभा होता. पुढं टेलरभाऊनं एक गडी मारला, तसा नियमाप्रमाणे बाद झालेला जवाई पुन्हा आत आला. आता चढाईला कोण? टेलरभाऊनं माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. जवायानं नाही पाहिलं, तो बुटाची नाडी बांधत होता.

मी त्याच्याकडे बोट केलं.

तो गेला. पुन्हा डाव्याच कोपऱ्यात! एक शिवला, दुसरा शिवला, वळला. या वेळी पाय बाजूला गेला नाही. पुढच्या पुढे त्यानं अंग झोकून दिलं, पोटावर घसरत आला आणि दोन बोटं मधल्या रेषेपलीकडे टेकली. पंचानं दोन गुण दाखवले. मी काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतर तो चारदा गेला, तीनदा आला. सामना आम्ही एका गुणानं हरलो. ती पहिली चढाई टेलरभाऊला दिली असती तर जिंकलो असतो, असं अर्धं गाव अजून म्हणतं. उरलेलं अर्धं म्हणतं, जवायाला आधीपासून उतरवलं असतं तर जिंकलो असतो. मी दोघांशीही भांडतो.

दोन दिवसांनी तो खड्डा बुजवायला बांधीवर गेलो, तर रस्त्यावर मोटरसायकल लावलेली आणि जवाई ड्युटीच्या कपड्यांत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, खड्ड्यात ओली माती भरत होता.

"अजी, काय करता? जवायानं माती उचलली तर आई मले घरात घेणार नाही."

तो काही बोलणार, तेवढ्यात रस्त्यानं सायकलवर दोघं-तिघं पोट्टे गेले. "ओ रेडर!" हा फावडं टाकून, चिखलाच्या पायांनी धुऱ्यावरून पळत गेला, हॉर्न वाजवला आणि परत आला. मग खड्ड्यावर उभा राहून माती दाबू लागला.

"दादा," तो म्हणाला, "पुढल्या वर्षी चुन्याची लाईन धुऱ्यापासून दोन हात आत मारू. मैदान लहान झालं तरी चालन."

"पुढल्या वर्षी?" मी विचारलं.

"हाव," तो म्हणाला आणि आणखी एक ढेकूळ घेतलं. मग मीही चप्पल काढली आणि त्याच्या बाजूला उभा राहून माती दाबायला लागलो.