हाशिमची डबी आणि अण्णांची काळी पाच

हाशिमला खोटं बोलता येत नाही. बोलायला गेला की त्याचे कान लाल होतात आणि तो नसलेला खोकला काढतो. हे अख्ख्या भोकरदनला ठाऊक आहे. बसस्टँडमागे त्याचं मिक्सर, पंखे, स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे येणाऱ्या बायका "झाला का रे मिक्सर?" असं विचारतात आणि उत्तर ऐकण्याऐवजी त्याच्या कानांकडे बघतात. असा माणूस एका म्हाताऱ्याशी चार वर्षं सलग खोटं बोलला. तेही भर मंडपात, हजार माणसांसमोर. मी त्याच्या शेजारी ढोलकी घेऊन बसलेलो असायचो, म्हणून मला माहीत आहे. ढोलकीवाल्याकडे कुणी बघत नाही, हे माझं जुनं दुःख आहे, पण त्याचा असा फायदाही होतो.

आमची मंगलाष्टक पार्टी आहे. लग्नात अंतरपाट धरला की आम्ही माइकवर मंगलाष्टकं म्हणतो, म्हणजे पुंजाराम अण्णा म्हणतात आणि आम्ही वाजवतो. अण्णा केदारखेड्याचे. शेती बेताची, आवाज मात्र भरपूर. त्यांचं "सावधान" या पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं. ते "सा" धरायचे आणि "न" येईपर्यंत लोकांच्या मुठीतल्या अक्षता घामाने भिजायच्या. अर्ध्या वाटेत टाळ्या पडायच्या, मग अण्णा डोळे मिटून आणखी थोडं ताणायचे. स्तुती त्यांना आवडायची नाही असं ते स्वतः सांगत, म्हणजे सांगायला विषय काढत.

अण्णांची पट्टी काळी पाच. पेटीवरच्या पाचव्या काळ्या पट्टीचा तो चढा सूर. त्यात गायला छाती लागते आणि अण्णांना त्याचा फार अभिमान. दुसऱ्या कुठल्या पार्टीचा गायक वय झाल्यावर काळी तीनला उतरला, असं कानावर आलं की अण्णा "बिचारा!" म्हणायचे. त्या "बिचारा"मध्ये एवढा आनंद असायचा, की ऐकणाऱ्याला लाज वाटावी.

हाशिम या पार्टीत आला तो स्पीकर दुरुस्त करायला. मोबाइलवर बघून बघून तो गिटार शिकला होता. संभाजीनगरहून एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली होती आणि दुकानात गिऱ्हाईक नसलं की वाजवत बसायचा. नसरीन, त्याची बायको, म्हणायची की गिऱ्हाईक यामुळेच नसतं. अण्णांनी एकदा ऐकलं आणि म्हणाले, "चल माझ्यासंगं." महिनाभरात हाशिमला आठही मंगलाष्टकं पाठ झाली. मला आजही सहाव्यात अडखळायला होतं. एकदा एका लग्नात भटजी कडवं विसरले तेव्हा हाशिमने खालून ओळ सांगितली. भटजींनी ती घेतली आणि जेवताना त्याला जास्तीची जिलेबी वाढायला सांगितली.

मग अण्णांना एका हिवाळ्यात मोठा ताप आला. तापातून उठून ते भोकरदनच्या एका लग्नात गायला उभे राहिले आणि "सावधान"वर आवाज फाटला. पुढच्या रांगेत दोघं-तिघं हसले. अण्णा मंडपामागे जाऊन बसले, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "आणिक एकदा फाटला तं गाणं बंद. काळी पाच गेली तं पुंजाराम गेला." अण्णा बोलतात पुष्कळ, पण बोललेलं करतातही. ही त्यांची वाईट खोड आहे.

तेव्हा पार्टीत पप्पू कीबोर्ड वाजवायचा. त्याने हुशारी केली. पुढच्या लग्नात बटण दाबून सूर गुपचूप अर्धा खाली आणला. पण त्या कीबोर्डच्या काचेवर लाल अक्षरांत उणे एक असा आकडा लागला आणि अण्णांनी तो वाचला. पप्पूला त्यांनी जेवूही दिलं नाही. त्या दिवसापासून पार्टीतून कीबोर्ड गेला, आणि अण्णांनी गिटारच्या दांडीवर सहाव्या घरात नसरीनच्या नेलपॉलिशचा ठिपका लावून घेतला. "काळी पाच इथं हाय ना? मंग तुझं बोट इथंच पायजे. म्या बघून राह्यलो." ते खरंच बघायचे. अण्णांसारखे पुष्कळ गायक सूर कानांनी धरतात, पण पट्टी डोळ्यांनी ओळखतात.

झुंबरबाई मावशी, म्हणजे अण्णांची बायको, हाशिमच्या दुकानात आल्या. हातात नादुरुस्त काहीच नव्हतं. म्हणाल्या, "हाशिम, ह्या माणसाचं गाणं बंद पडलं तं त्यो घरी बसंल. अन् त्यो घरी बसला तं मला जगू देनार न्हाई. रात्रंदिस भाजीत मिठाची खोट काढील. काहीतरी कर बाबा." हसत म्हणाल्या, पण जाताना पदराने डोळे पुसले.

हाशिमने काहीतरी केलं. संभाजीनगरच्या एका पोराकडून त्याने एक जुनी लोखंडी डबी आणली, साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी. त्या पोराचा कानठळ्या बसवणारा बँड होता. गिटारचा आवाज राक्षसासारखा घोगरा करायला त्यांनी ती घेतली होती. डबीला एक खटका पायाने दाबायला आणि वर एक गोल बटण, आकडे लिहिलेलं, आणि शेजारी एक बारीक दिवा. गिटारची वायर डबीत जाते आणि डबीतून स्पीकरला. बटण एकवर ठेवलं की बोट आहे तिथेच राहतं, पण स्पीकरमधून येणारा सूर अर्धी पायरी खाली. दोनवर ठेवलं की आणखी अर्धी. राक्षसांची ती डबी हाशिमने मंगलाष्टकांना लावली आणि अण्णांना सांगितलं, गिटारचा आवाज गोड करायची डबी हाय.

पहिल्या वर्षी एक. बोट ठिपक्यावर, अण्णांची नजर बोटावर, आणि सूर पांढरी सहा, म्हणजे अर्धी पायरी खाली. अण्णांनी "सावधान" असं काही लावलं की नवरदेवाने अंतरपाटावरून डोकं काढून बघितलं. जेवताना अण्णा म्हणाले, "बघितलं? ताप आल्ता अन् गेला. गळा हाय तिथंच हाय." हाशिमचे कान टोमॅटो झाले होते. अण्णांना वाटलं, मिरचीचा ठेचा लागला.

मला दुसऱ्याच लग्नात कळलं. माझी थाप पडायची आणि गिटारचा सूर अगदी डोळ्याचं पातं लवावं एवढा मागून यायचा. आधी वाटलं, माझंच वय झालं. मग तारांजवळ कान नेला. तारा स्वतः एक सूर म्हणत होत्या आणि स्पीकर दुसरा. मी हाशिमकडे बघितलं, त्याने खोकला काढला. त्या दिवसापासून मीही त्यात सामील झालो. अण्णा विचारायचे, "रामप्रसाद, पट्टी बराबर हाय ना?" मी म्हणायचो, "बिलकुल बराबर, अण्णा." माझे कान लाल होत नाहीत, हा भाग वेगळा.

पण डबी लावून काम संपलं नव्हतं. तारांचा खरा आवाज अण्णांच्या कानी पडू नये म्हणून हाशिम स्पीकर एवढा मोठा ठेवायचा, की भटजी कानात कापूस घालून यायला लागले. सराव त्याने बंदच करून टाकला, "अण्णा, तुम्हाला काय सरावाची गरज!" या एका वाक्यावर. आणि अण्णांच्या घरात पेटी होती. पेटीवर काळी पाच दाबली असती तर सगळं उघडं पडलं असतं. हाशिम ती भाता दुरुस्त करतो म्हणून घेऊन आला. लोकांचे मिक्सर दोन दिवसांत देणाऱ्या या माणसाकडे ती पेटी चार वर्षं दुरुस्त होत होती. अण्णांनी विचारलं की म्हणायचा, "सामान येऊन राह्यलं अण्णा, कलकत्त्याहून." सामान पायी येत असावं.

दर वर्षी एक याप्रमाणे डबी चारवर आली. म्हणजे काळी तीन. अण्णा आता सत्तरीच्या पुढे, आणि गावोगाव सांगत हिंडायचे की या वयात काळी पाच लावणारा जिल्ह्यात मी एकच. ते ऐकून आम्ही दोघं जमिनीकडे बघायचो. मला कधीकधी भीती वाटायची. खोटं जितकं जुनं होत होतं, तितकं ते उघडं पडल्यावर अण्णांना जास्त लागणार होतं.

यंदाच्या मे महिन्यात अण्णांच्या नातीचं, आकांक्षाचं लग्न केदारखेड्यात होतं. अण्णांनी सगळ्या पाहुण्यांना सांगून ठेवलं होतं, जेवण कमी-जास्त होईल, पण "सावधान" ऐका. सात अष्टकं सुरेख झाली. आठव्याच्या आधी हाशिम नेहमीप्रमाणे थोडं एकट्याने वाजवत होता. तेवढ्यात शूटिंगवाला अंतरपाटाचं चित्र घ्यायला उलटा चालत मागे आला आणि त्याचा बूट बरोबर डबीच्या खटक्यावर पडला.

डबी बंद झाली. गिटारचा सूर एकदम चार अर्ध्या पायऱ्या वर उडाला. अण्णांनी तोच सूर धरून पहिला शब्द म्हटला आणि आवाज फाटला. अण्णांनी आधी हाशिमच्या बोटाकडे बघितलं. बोट ठिपक्यावर होतं. मग त्यांनी खाली डबीकडे बघितलं, तिच्या विझलेल्या दिव्याकडे. आणि मग हाशिमच्या तोंडाकडे.

मी हाशिमला कोपराने ढोसलं, "दाब ना पुन्हा!" त्याचा पाय खटक्यापासून चार बोटांवर होता. हाशिमने दाबलं नाही. त्याने तारांवर तळहात ठेवला आणि गिटार मुकी केली. नंतर मी त्याला यावरून पुष्कळ बोललो, तेव्हा म्हणाला, "अण्णांनी बराबर ऐकलं व्हतं. म्या दाबलं असतं तं त्यांना वाटलं असतं का आपलेच कान गेले. तेवढं झूट न्हाई जमलं मला."

हजार माणसं अक्षता मुठीत धरून उभी होती. अंतरपाटाआड आकांक्षा मान खाली घालून होती. अण्णांनी डोळे मिटले आणि कुठल्याही वाद्याशिवाय, काळी तीनच्याही थोडं खाली, आपल्याला झेपेल तिथून आठवं अष्टक म्हटलं. "सावधान" पूर्वीएवढं लांब नव्हतं. पण मी त्यांचं गाणं वीस वर्षं ऐकतोय, आणि त्या दिवशी मला ढोलकीवर हात ठेवून रडू आलं. अक्षता पडल्या, ताशा वाजला. अण्णा माइक ठेवून घरात गेले ते पाहुणे जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

चौथ्या दिवशी आम्ही दोघं मोटरसायकलवर केदारखेड्याला गेलो. पेटी माझ्या मांडीवर, डबी हाशिमच्या खिशात. अण्णा ओट्यावर बसले होते. मावशींनी चहा दिला आणि आत न जाता दारातच उभ्या राहिल्या.

हाशिमने डबी समोर ठेवली. "अण्णा, ही तुमच्या विहिरीत टाकून देतो."

"त्या विहिरीचं पानी जनावरं पेतेत," अण्णा म्हणाले. मग डबी उचलून उलटीसुलटी केली. "कितीवर व्हती?"

"चारवर."

अण्णांनी बोटावर पट्ट्या मोजल्या. "म्हंजी काळी तीन. अन् पेटी?"

"चार वर्षांपासून दुरुस्त हाय," हाशिम म्हणाला.

मावशी हसल्या, आणि मग घाबरून तोंडावर हात ठेवला. अण्णा हसले नाहीत. "मी गावोगाव सांगत हिंडलो. तुम्ही दोघं ऐकत व्हते. मला काहून सांगितलं न्हाई?"

"सांगितलं असतं तं तुम्ही गाणं सोडलं असतं."

"सोडलंच असतं."

"मंग मी कोणाच्या मागं वाजवलं असतं, अण्णा?" हाशिम म्हणाला. इतका मोठा माणूस, दोन लेकरांचा बाप, ओट्यावर बसून बाहीने नाक पुसायला लागला.

अण्णांनी पेटी ओढली, भाता उघडला आणि काळी तीन दाबली. ती दाबून ठेवूनच विचारलं, "मंठ्याचं लग्न कधी हाय?"

"तेरा तारखेला."

"ह्या सुरात वाजवायचं. पन डबी न्हाई लावायची. बोट खाली आनून वाजवायचं, सगळ्यांदेखत. अन् माइकमधी मी सोता सांगनार."

तेरा तारखेला मंठ्यात अंतरपाट धरला गेला. अण्णा माइकपुढे उभे राहिले. इस्त्रीचं धोतर, डोक्याला फेटा. दोनदा गळा साफ केला.

"मंडळी," अण्णा म्हणाले, "एक गोष्ट कबूल करायची हाय. मी आजपासून काळी पाचमधी गानार न्हाई. मी काळी तीनला उतरलो हाय."

हजार माणसं अण्णांकडे बघत होती आणि त्यांच्यातल्या एकालाही काळी पाच म्हणजे काय आणि काळी तीन म्हणजे काय, हे माहीत नव्हतं. कधीच माहीत नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने अक्षतांची मूठ वर केली आणि ओरडली, "अहो अण्णा, ज्यात म्हनायचं त्यात म्हना, पन जल्दी म्हना! मुहूर्त टळून राह्यला!"

अण्णा थक्क होऊन तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांना हसू फुटलं, पोट धरून, फेटा सावरत, माइकमध्येच. हाशिमने सगळ्यांदेखत बोट चार घरं खाली आणलं आणि सूर दिला. अण्णा अजून हसतच होते, आणि हसता हसताच त्यांनी पहिलं अष्टक सुरू केलं.