उत्तम हे माप नाही

माझे भावजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, वजनमापे निरीक्षक होते. होते म्हणजे निवृत्त झाले. प्रकृती अगदी ठणठणीत आहे, आणि घरातल्यांचं निम्मं दुखणं तेच आहे. चौतीस वर्षं ते दुकानादुकानांतून फिरले, तराजू तपासले, वजनं उलटी करून तळाचे शिक्के पाहिले. त्यांना लांबून येताना पाहिलं की भल्याभल्या दुकानदारांच्या तोंडचं पाणी पळत असे. संध्याकाळी घरी आले की बूट दाराशी काढून ठेवत. निरीक्षण मात्र तसंच आत घेऊन येत.

ताईनं ताट पुढं ठेवलं की पहिला घास घ्यायचा, जेवायचा काटा खाली ठेवायचा, वर बघायचं आणि निकाल द्यायचा. निकाल दोनच असत. ‘मीठ जरा जास्त’ नाहीतर ‘मीठ जरा कमी’. अगदीच काही सापडलं नाही तर नाइलाजानं ‘ठीक आहे’. हे सगळ्यांसमोर, पाहुणे असले तर पाहुण्यांसमोरही. मग तेच ताट चाटूनपुसून साफ करायचे आणि दुसऱ्यांदा वाढून मागायचे. ताई तोवर हातात फडकं घेऊन शेगडीपाशी उभी. निकाल लागेपर्यंत तिला बसवतच नसे. ज्या दिवशी ‘ठीक आहे’ मिळे त्या दिवशी ती मला फोन करून सांगायची, आणि तिला तसं आनंदानं सांगताना ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

भावजी निवृत्त झाले तेव्हा कचेरीनं त्यांना एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा भेट दिला. चिमूटभर जिऱ्याचंही वजन सांगणारा. घरी येऊन त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “चला, आजपासून मी मोकळा.”

ताईनं एप्रन काढला, घडी घातली आणि काट्याशेजारी ठेवला. “मीही,” ती म्हणाली.

“तू कुठं नोकरीला होतीस?”

“म्हणून तर मला निरोप समारंभ नको. उद्यापासून स्वयंपाक तुमचा.”

भावजींना वाटलं, राग आहे, दोन दिवसांत उतरेल. ताईला राग नव्हताच. तिनं वाचनालयाचं कार्ड काढलं, सकाळी फिरायला जायला लागली, आणि जेवायच्या वेळी येऊन टेबलाशी बसायला लागली. समोर येईल ते खायची, ताट धुवायची आणि पुस्तक उघडायची. आठवडाभर उकडलेली अंडी आली. दुसऱ्या आठवड्यात अंड्यांबरोबर बटाटे आले, तेही उकडलेले, पण प्रत्येक बटाटा दुसऱ्याइतक्याच वजनाचा.

हेही चाललं असतं, पण मधे रविवार आला. मुलगा, सून आणि सात वर्षांची नात दर रविवारी दुपारी जेवायला येत, आणि रविवारी ताईच्या हातचं सॉसेज ठरलेलं. कांद्यावर परतलेलं, वरून करकरीत आणि आतून रसाळ. त्या रविवारी अंडी-बटाटे पाहून नातीनं विचारलं, “आजोबा, आपण आजारी आहोत का?” पुढच्या रविवारी मुलाला काम निघालं. त्याच्या पुढच्या रविवारी सुनेचं डोकं दुखलं. चौथ्या रविवारी कारण सांगायला फोनसुद्धा आला नाही, आणि भावजी तीन खुर्च्या रिकाम्या असलेल्या टेबलाशी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडं आले. आयुष्यात पहिल्यांदा न बोलावता. “मला सॉसेज करायला शिकव,” म्हणाले. “नात आली पाहिजे. आणि...” पुढं बराच वेळ ते माझ्या पडद्याची लांबी नजरेनं मापत राहिले. “आणि तुझ्या बहिणीनं एकदा चांगलं म्हणावं. एकदाच. मग मी काही मागणार नाही.”

मी हे लगोलग ताईच्या कानावर घातलं. मेव्हणी म्हणून तेवढं माझं कर्तव्यच होतं. ताई पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, “माझं उत्तर तयार आहे.”

“काय?”

“ठीक आहे.”

मला इतका आनंद झाला की मी भावजींना शिकवायचं तत्काळ कबूल केलं.

आम्हा पाच-सहा बायकांचा एक गट आहे. दर गुरुवारी दुपारी शिंपीणबाईंच्या दुकानामागच्या खोलीत जमतो. कापड बेतायच्या मोठ्या टेबलावर मेणकापड पसरतो, एका टोकाला खिम्याचं यंत्र आवळून बसवतो आणि मसालेदार खिमा आतड्यांत भरून सॉसेज करतो. भरण्यापेक्षा भांडतो जास्त. शिंपीणबाई किनाऱ्याकडच्या, त्यांच्या मते बडीशेप आणि लिंबाची साल नसेल तर त्या वस्तूला सॉसेज म्हणणं हा सॉसेजचा अपमान आहे. बस चालवणाऱ्या बाई दक्षिणेकडच्या. त्या लसूण आणि लाल मिरची इतकी घालतात की खाणाऱ्याला पुढचा थांबा आपोआप दिसतो. तिसऱ्या एक निवृत्त शिक्षिका, डोंगराकडच्या. त्या प्रत्येक गोष्टीत जायफळ किसतात, म्हणून त्यांचं नाव जायफळबाई. तिघींचंही ठाम मत आहे की मूळ सॉसेज आपल्याच मुलखातलं, बाकीच्यांनी ते पळवून नेऊन बिघडवलं.

भावजी आले ते वही, पेन्सिल आणि तो भेटीतला वजनकाटा घेऊन. पहिला अर्धा तास त्यांनी नुसतं ऐकलं. मग विचारलं, “बडीशेप किती?”

“अंदाजानं,” शिंपीणबाई म्हणाल्या.

“कोणाच्या?”

“माझ्या. दुसऱ्या कोणाचा आणू?”

बसवाल्या बाई म्हणाल्या की मिरची वास येईपर्यंत घालायची. जायफळबाई म्हणाल्या की जायफळ वास यायच्या आत थांबवायचं. भावजींनी वहीत दोन्ही लिहिलं आणि खाली प्रश्नचिन्ह काढलं. मिठावर मात्र सगळ्यांचं एकमत निघालं: किलोला अठरा ग्रॅम. भावजींचा चेहरा उजळला. दोन तासांत त्यांना पहिल्यांदा आपल्या भाषेत बोलणारं कोणी भेटलं होतं.

“पण एक लक्षात ठेवा,” शिंपीणबाई म्हणाल्या. “कच्चं मांस चाखता येत नाही. म्हणून आतड्यात भरायच्या आधी मिश्रणाची एक चकती तव्यावर भाजायची आणि चव बघायची. सुपारीएवढी. काही कमी वाटलं तर तेव्हाच घालायचं. एकदा भरलं की तुमच्या हातात काही नाही.”

“मोजून घातल्यावर चव कशाला बघायची?”

“कारण जेवणारे काटे नाहीत, माणसं आहेत,” जायफळबाई शाळेतल्या आवाजात म्हणाल्या. भावजींनी वहीत लिहिलं: चाचणी आवश्यक. आणि त्याखाली दोनदा रेघ मारली. ती रेघ बघून मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

तीन गुरुवार ते आले. मग मुलाला फोन करून सांगितलं, “रविवारी या. सॉसेज आहे.” मुलानं विचारलं, “आईनं केलंय?” भावजी म्हणाले, “या तर खरं.” सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढलेला माणूस सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही.

रविवारी सकाळी मी मदतीला गेले. भरायला दोन माणसं लागतात, एक यंत्राचा दांडा फिरवायला आणि एक आतडं धरायला. ताई पाहुण्यांसारखी तयार होऊन बाहेरच्या खोलीत पुस्तक वाचत बसली होती. भावजींनी दीड किलो मिश्रण तयार करून ठेवलं होतं. मसाले छोट्या वाट्यांत मोजून मग घातले होते, प्रत्येक रिकाम्या वाटीखाली अजून चिठ्ठी. मीठ सत्तावीस ग्रॅम, एक कण इकडं नाही की तिकडं नाही.

“आता चाचणी,” ते म्हणाले, आणि तळहाताएवढी चकती थापली. मी म्हटलं, भावजी, सुपारीएवढी. ते म्हणाले, “नमुना फार लहान घेतला तर निष्कर्ष चुकतो. सत्तर ग्रॅम.” चकती भाजली. अर्धी त्यांनी खाल्ली, अर्धी मला दिली. मीठ किंचित कमी होतं. त्यांनी दीड ग्रॅम घातलं. दुसरी चकती. पुन्हा दीड ग्रॅम. तिसरी चकती खाल्ली आणि मी मनातून चरकले, कारण ती अगदी ताईच्या हातची लागली.

“भावजी, उत्तम,” मी म्हटलं. मनापासून म्हटलं. “आता हात लावू नका.”

“उत्तम हे माप नाही,” भावजी म्हणाले. “चौथी घेऊ.”

मग मी गप्प बसले. मी काही संत नाही. चौतीस वर्षांचा हिशोब माझ्याही डोक्यात होता. पाचव्या चकतीपर्यंत त्यांच्या जिभेला मीठ कळेनासं झालं होतं, म्हणून ते आणखी घालत होते. माझा अर्धा वाटा मी टेबलाखाली घुटमळणाऱ्या ताईच्या मांजराला देत होते. सातव्या चकतीला मांजरानं तोंड फिरवलं आणि पाण्याच्या भांड्याकडं गेलं. भावजींना ते दिसलं नाही. ते वहीत आकडे लिहीत होते. प्रत्येक वेळी मिठाचा हिशोब दीड किलोवर करत होते, आणि तोवर त्यातला तिसरा हिस्सा आमच्या तिघांच्या पोटात गेला होता. आयुष्यभर दुसऱ्यांची घटलेली वजनं पकडणाऱ्या माणसाच्या समोरचं पातेलं घटत होतं आणि त्याला पत्ता नव्हता.

अकराव्या चकतीनंतर ते म्हणाले, “आता बरोबर आहे.” आम्ही भरायला घेतलं. मी दांडा फिरवला, पाच सॉसेज भरली आणि यंत्र रिकामं फिरायला लागलं.

“अजून आहे ना?” त्यांनी विचारलं.

“अजून होतं,” मी म्हटलं.

जेवणारे सहा. भावजी काही वेळ त्या पाच सॉसेजकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, “मला भूक नाही,” आणि ते मात्र शंभर टक्के खरं होतं.

मंडळी आली. नातीनं दारातच कांद्याचा वास घेतला आणि बूट न काढता आत पळाली. ताटं वाढली गेली. भावजी बसले नाहीत. खांद्यावर फडकं टाकून शेगडीच्या बाजूला उभे राहिले, आणि त्या जागी त्यांना उभं पाहून माझा घास हातातच राहिला. तीच जागा, तसंच फडकं. नजर ताईच्या तोंडाकडं.

ताईनं पहिला घास घेतला. काटा खाली ठेवला. वर बघितलं.

मीही तेवढ्यात घास तोंडात घातला होता. खारट नव्हतं ते, नुसतं मीठ होतं. मुलानं पाण्याचा पेला उचलला. सूनबाई बटाट्यात तोंड लपवून बसल्या. नातीनं तोंड उघडलं तर आईनं टेबलाखालून तिचा गुडघा दाबला. मला वाटलं, आता ताई निकाल देणार. इतक्या वर्षांत असली संधी आली नव्हती, आणि ही तर हात जोडून दारात उभी होती.

“ठीक आहे,” ताई म्हणाली. आणि पुढचा घास घेतला.

भावजींची मान खाली गेली. “बरं,” म्हणाले आणि स्वयंपाकघराच्या आतल्या ओट्याकडं वळले. त्यांना पाठमोरं जाताना पाहून मला जो आनंद व्हायचा होता तो काही झाला नाही. मी पाण्याचा जग भरायचं निमित्त करून मागं गेले. ते ओट्याशी उभे होते.

“इतकी वर्षं ती उभी राहायची,” ते म्हणाले. “एवढंच ऐकायला?”

“हे चांगल्या दिवशी,” मी म्हटलं. मला आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी जग नळाखाली धरला.

तेवढ्यात ताई आत आली. हातात तिचं ताट, त्यात अर्धं सॉसेज नीट कापून ठेवलेलं. “तुम्हाला उरलं नाही ना? घ्या. गार होतंय.”

भावजींनी घास घेतला. पाणी पिऊन, हवा खाऊन आता त्यांची जीभ ताळ्यावर आली असावी. सवयीनं काटा खाली ठेवला, वर बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

“खारट आहे,” ते म्हणाले. “तोंडात धरवत नाही. तू ठीक आहे म्हणालीस.”

“म्हणाले.”

“सांगितलं का नाहीस?”

“सांगून काय झालं असतं? तुम्ही मला चौतीस वर्षं सांगितलंत. एकदा तरी घातलेलं मीठ बाहेर निघालं?”

काट्यानं भावजींनी उरलेला तुकडा ताटात इकडून तिकडं सरकवला. मग फार हळू, भांड्यांना ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाले, “तू करायचीस ते चांगलं असायचं.”

“काय?”

“चांगलं असायचं. रोजच.”

ताईचे डोळे भरले. मी पाहिलं, खोटं कशाला बोलू. पण आवाज तिचा जराही हलला नाही. “इथं भांड्यांना काय सांगता? मीठ जास्त झालं ते सगळ्यांसमोर सांगायचात. हेही बाहेर येऊन सांगा.”

भावजी बाहेर आले. हातात काटा तसाच. साक्ष द्यायला उभं केल्यासारखे टेबलाच्या टोकाशी उभे राहिले. मुलगा पाणी पिता पिता थांबला.

“तुमची आई,” ते म्हणाले आणि घसा खाकरला, “सॉसेज उत्तम करायची. सगळंच उत्तम करायची. मी कधी म्हटलं नाही.”

नातीनं आजोबांकडं बघितलं, मग आजीकडं. ताईनं खुर्ची ओढली, बसली, आणि शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी मागं सरकवली.

“ठीक आहे,” ती म्हणाली, आणि पाण्याचा जग त्यांच्या पुढं केला.